‘बघू’ म्हणणारा मुलगा



आपल्या जुन्नर-आंबेगावातल्या कोणत्याही गावी लग्नाला जा, यात्रेला जा, नाहीतर नारायणगावच्या एस. टी. स्थानकावर अर्धा तास उभे राहा. कॉलेजात जाणारा एखादा मुलगा दिसला, की कोणीतरी वडीलधारे माणूस त्याला थांबवते आणि विचारते, “काय रे, कितव्या वर्षाला? मग पुढे काय करणार?” मुलगा जमिनीकडे पाहतो, खांद्यावरची पिशवी सावरतो आणि म्हणतो, “बघू.”

या ‘बघू’ची आपण फार थट्टा करतो. ज्याला पुढचे ठाऊक नाही तो पोरगा वाया गेला, असे आपण मनात धरून चालतो. हळूहळू त्या मुलालाही तसेच वाटू लागते. मग तो लाजेपोटी काहीतरी ठोकून देतो. ‘परीक्षा देतोय’ असे सांगितले की विचारणारा गप्प बसतो, आणि पुढची पाचसहा वर्षे त्या एका वाक्याच्या आडोशाला निघून जातात. माझे आजचे म्हणणे थोडक्यात असे आहे: ‘बघू’ हे उत्तर वाईट नाही, मात्र जो ते देतो त्याने खरोखर बघितले पाहिजे. बघावयाचे म्हणजे काय, कोठे, किती दिवस आणि कोणाच्या जिवावर, एवढ्याच गोष्टींचा आज विचार करू.

हा प्रश्न आला कोठून?

आपल्या आजोबांना हा प्रश्न कोणी विचारला नाही. कुंभाराचा मुलगा चाकावर बसला, सुताराच्या मुलाने वाकस हातात घेतला, कुणब्याच्या मुलाने नांगराचा रुमणा धरला. पश्चिमेकडच्या डोंगरपट्ट्यात महादेव कोळ्याचे पोर भात, नाचणी आणि हिरडा यांच्या हंगामांबरोबर वाढले. त्या व्यवस्थेत अन्याय पुष्कळ होता, आणि ती गेली हे बरेच झाले. पण ती गेली त्याबरोबर पुढचे काय, हे आपोआप ठरण्याची सोयही गेली.

मग कुकडी प्रकल्पाची धरणे झाली, कालव्याचे पाणी आले, ऊस, द्राक्षे आणि टोमॅटो आले. जुन्नर, ओतूर, नारायणगाव, मंचर येथे महाविद्यालये निघाली. आज त्यांच्या वर्गांत बसलेल्या पुष्कळ मुलांच्या घरी त्यांच्या आधी कोणीही कॉलेजची पायरी चढलेले नाही. तेव्हा ‘पुढे काय’ हा प्रश्न विचारणारे घर आहे, पण उत्तराला मदत करील असे माणूस घरात नाही. बापाला पिकाचे सारे कळते, बी. एस्सी. झालेल्या मुलासाठी जगात किती प्रकारची कामे आहेत, हे त्याने कोणाकडून ऐकावे?

मुलाची यादीही त्याच्या डोळ्यांपुढे जे येते तेवढीच असते. मास्तर, तलाठी, पोलीस, बँकेतले साहेब, डॉक्टर, आणि अलीकडे चाकणच्या कारखान्यातला कामगार. ही माणसेसुद्धा त्याने त्यांच्या गणवेशावरून आणि पगारावरून ओळखलेली असतात. तलाठ्याचा सगळा दिवस कसा जातो, हे त्याने कधी पाहिलेले नसते. शाखा निवडतानाही फार वेगळे घडत नाही. दहावीचे गुण, मित्र कोठे गेले, आणि घरी परतणारी शेवटची एस. टी. किती वाजता सुटते, या तीन गोष्टींवर कला, वाणिज्य की विज्ञान हे ठरून जाते. संध्याकाळपर्यंत चालणारे प्रात्यक्षिकाचे तास डोंगरातल्या गावच्या मुलाला कसे परवडावेत? अशा रीतीने सतराव्या वर्षी झालेल्या निवडीला आपण ‘आयुष्याची योजना’ म्हणतो, आणि ती चुकली की दोष मुलाला देतो.

खोडदच्या तबकड्यांची कथा

आता आपल्याच शिवारातले एक उदाहरण घेऊ. नारायणगावहून खोडदला जाताना शेतांच्या मागे पांढऱ्या जाळीच्या अजस्र तबकड्या आभाळाकडे तोंड करून उभ्या दिसतात. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. अशा एकंदर ३० आहेत. त्यांतल्या १४ खोडदजवळच्या मध्यभागी दाटीने उभ्या आहेत, आणि उरलेल्या १६ तीन दिशांना पसरलेल्या आहेत. दोन टोकांमधले अंतर सुमारे २५ किलोमीटर भरते. आकाशातून येणाऱ्या लांब पल्ल्याच्या रेडिओ लहरी टिपणारी ही दुर्बीण जगातल्या मोठ्या दुर्बिणींपैकी एक गणली जाते. ती ज्यांच्या कल्पनेतून उभी राहिली ते प्राध्यापक गोविंद स्वरूप. त्यांचा जन्म १९२९ सालचा, निधन २०२० सालचे.

या माणसाने कॉलेजात असताना रेडिओ दुर्बीण बांधण्याचे ठरविले होते काय? मुळीच नाही. १९५० साली अलाहाबाद विद्यापीठातून ते एम. एस्सी. झाले तेव्हा रेडिओ खगोलशास्त्र हा विषयच नुकता जन्माला येत होता. ते दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत के. एस. कृष्णन यांच्या हाताखाली लागले. तेथे त्यांच्याकडे काम आले ते पदार्थांच्या चुंबकीय गुणधर्मांच्या अभ्यासासाठी उपकरण जुळविण्याचे. महायुद्धातून उरलेल्या रडारच्या सुट्या भागांतून त्यांनी ते जुळविले. तारे आणि आकाश यांचा त्या कामाशी संबंध नव्हता.

१९५२ साली कृष्णन ऑस्ट्रेलियात सिडनीला एका परिषदेसाठी गेले. तेथे रेडिओ लहरींनी आकाश पाहण्याचे जे नवे प्रयोग चालले होते त्यांची हकिगत त्यांनी परत आल्यावर प्रयोगशाळेत सांगितली. ऐकणाऱ्यांत स्वरूप होते. ते पुढच्याच वर्षी कोलंबो योजनेची शिष्यवृत्ती घेऊन सिडनीला गेले.

यापुढची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तेथील प्रमुख जोसेफ पॉसी यांनी या नवख्या तरुणाला आल्या आल्या एका खुर्चीला बांधून टाकले नाही. पहिल्या वर्षी तीन तीन महिने निरनिराळ्या गटांत काम करावयाचे, प्रत्येक गटाची उपकरणे आणि विचार करण्याची पद्धत पाहावयाची, आणि मग स्वतःचे काम निवडावयाचे, अशी व्यवस्था त्यांनी लावून दिली. म्हणजे ‘बघू’ म्हणण्यासाठी त्या तरुणाला एक वर्ष मिळाले. पण ते वर्ष हाताने काम करण्याचे होते.

पुढेही रस्ता सरळ गेला नाही. पॉट्स हिल येथे १·८ मीटर व्यासाच्या ३२ लहान तबकड्या मोडीत निघणार होत्या. त्या भारताला द्याव्यात असे स्वरूप यांनी सुचविले आणि ते मान्यही झाले. परंतु त्या आणण्याचा खर्च कोणी करावयाचा, यावर घोडे अडले. तेव्हा हातावर हात धरून न बसता ते १९५६ साली अमेरिकेत गेले, १९६१ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली, आणि होमी भाभा यांच्या बोलावण्यावरून १९६३ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत परत आले. त्या ३२ तबकड्या अखेर १९६५ साली कल्याणला उभ्या राहिल्या. १९७० साली उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण झाली. आणि १९९० नंतरच्या दशकात आपल्या खोडदला हे मोठे काम उभे राहिले.

खोडदच का निवडले? येथे रेडिओ लहरींचा मानवी गोंगाट त्या वेळी कमी होता, सभोवार डोंगरांचा आडोसा होता, आणि पुणे हाकेच्या अंतरावर होते. तबकड्या भरीव पत्र्याच्या न करता ताणलेल्या तारांच्या जाळीच्या केल्या, त्यामुळे वारा आरपार जातो, वजन कमी होते आणि खर्चही आटोक्यात राहतो. रडारच्या जुन्या भागांतून उपकरण जुळविणाऱ्या तरुणाची काटकसर येथे उपयोगी पडली, असे म्हणावयास हरकत नाही. आधी केलेले काम सहसा फुकट जात नाही. ते पुढे कोठे लागेल हे मात्र आधी सांगता येत नाही.

बिबट्यांचा अभ्यास

दुसरे उदाहरणही येथलेच. कालव्याच्या पाण्यावर ऊस वाढला आणि उसाच्या आडोशाला बिबटे राहू लागले, हे आपल्याला कोणी सांगावयास नको. कुत्री आणि शेळ्या त्यांना गावात मिळतात, आणि पिल्ले उसातच जन्मतात. विद्या अत्रेय या प्राणिअभ्यासक बाई संसाराच्या निमित्ताने नारायणगाव परिसरात राहावयास आल्या. त्यांचे यजमान रमणा अत्रेय हे खगोलशास्त्रज्ञ खोडदच्या दुर्बिणीशी संबंधित होते. ज्या गावी राहावयाचे तेथला प्रश्न बाईंच्या पुढ्यात आला, आणि त्यांनी तो उचलला.

त्या काळी पिंजऱ्यात सापडलेला बिबट्या लांबच्या जंगलात नेऊन सोडण्याची पद्धत होती. ऐकावयास हे शहाणपणाचे वाटते. पण बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्नर वनविभागातल्या नोंदी तपासल्या, तेव्हा उलटेच दिसले. १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. मोठ्या प्रमाणावर बिबटे हलविण्यास सुरुवात झाल्यावर ही सरासरी १७ वर गेली. बिबट्या आपला मुलूख धरून राहणारा प्राणी. त्याला अनोळखी जागी सोडले की तो बिथरतो, भटकतो, परतीची वाट शोधतो. हा निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाला आणि देशभर त्याची दखल घेतली गेली. बिबट्यांचा प्रश्न सुटला असे नाही. आजही आपल्या तालुक्यांत माणसे दगावतात, आणि संध्याकाळी मूल अंगणात खेळावयास सोडताना आईचा जीव घाबरा होतो. पण प्रश्न नीट समजून घेण्याचे काम येथे झाले, आणि ते नारायणगावचा मुक्काम आधी ठरवून झाले नाही.

रमणा अत्रेय यांचीही एक गंमत सांगतो. व्यवसायाने ते खगोलशास्त्रज्ञ; पण पक्षी पाहण्याचा त्यांचा छंद इतका पक्का, की अरुणाचल प्रदेशात त्यांना पक्ष्याची एक नवीनच जात सापडली आणि २००६ साली ती शास्त्रात दाखल झाली. माणसाला एकच डोळा असतो असे कोणी सांगितले?

बंद झालेला रस्ता

तिसरे उदाहरण सर्वांना ठाऊक असलेले. लक्ष्मणराव किर्लोस्कर १८८५ साली चित्रकार होण्यासाठी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. दोन वर्षांनी कळले, की त्यांना काही रंग ओळखता येत नाहीत. चित्रकाराला याहून मोठा घाव कोणता? त्यांनी रंग सोडले, पण रेषा सोडली नाही. यंत्रांची चित्रे काढण्याचे शिक्षण घेतले, तेच शिकविले, पुढे बेळगावला सायकलींचे दुकान काढले, मग लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन नासते अशा समजुतीने शेतकरी तो नांगर प्रथम घेईनात. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. रंग गेले तरी रेषा उरली, हे ध्यानात ठेवावे. एक रस्ता बंद झाला म्हणजे त्या रस्त्यावर शिकलेले सारे मातीत गेले, असे नसते.

पण ही मोठी माणसे झाली!

येथे कोणी मला अडवील आणि म्हणेल, “साहेब, या मोठ्यांच्या गोष्टी झाल्या. आमची दोन एकर जमीन. पोराला पुण्यात खोली आणि खाणावळ पुरविताना गोठ्यातली गाय विकली. त्याने किती वर्षे बघत बसावे?”

हा आक्षेप अगदी खरा आहे, आणि तो बाजूला सारून दिलेला उपदेश खोटा ठरेल. स्वरूप यांच्यामागे कृष्णन होते, शिष्यवृत्ती होती. आपल्या मुलामागे काय आहे? म्हणूनच मी म्हणतो की गरिबाच्या मुलाने बघण्याचे सोडून देऊ नये. त्याने लहान लहान, स्वस्त आणि मुदतीचे बघावे. श्रीमंताचा मुलगा पाच वर्षांचा प्रयोग करून फसला तरी निभावते. आपल्याला तीन महिन्यांचे पाच प्रयोग परवडतात, आणि त्यांतून शिकावयाचे मात्र तितकेच मिळते.

बघावे कसे?

पहिली गोष्ट. उन्हाळ्याची सुटी ही परीक्षेनंतरची विश्रांती न समजता कामाचा एक हंगाम समजावी. मे महिन्यात एखाद्या द्राक्षबागाईतदाराकडे, दूध संकलन केंद्रावर, मोटारदुरुस्तीच्या दुकानात, वकिलाच्या कचेरीत, मिळेल तेथे काम करावे. मजुरी मिळाली तर उत्तमच. पण संध्याकाळी वहीत चार ओळी लिहाव्यात: आज कोणत्या कामात वेळ कसा गेला ते कळले नाही? कोणत्या कामाचा कंटाळा आला? कोणते काम मला इतरांपेक्षा सोपे गेले? या धंद्यात दहा वर्षे काढलेला माणूस आज कोठे आहे? सहा महिन्यांनी ती वही वाचली, की तिच्यातून जे दिसते ते कोणत्याही कलचाचणीइतकेच उपयोगी असते. आपल्या विद्यापीठात ‘कमवा आणि शिका’ योजना आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी श्रमाला शिक्षणाशी जोडले ते केवळ फी भागावी म्हणून नव्हे.

दुसरी गोष्ट. नोकरीचे नाव पाहण्याऐवजी कामाची साखळी पाहावी. हिरड्याचेच घ्या. आंबेगावच्या आणि जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात कोवळा बाळहिरडा झोडून, वाळवून पोत्याने व्यापाऱ्याला विकतात. आपले काम तेथे संपते. पण हिरड्याचे त्यानंतर पुष्कळ होते. प्रत लावतात, पूड करतात, बेहडा आणि आवळा यांच्याबरोबर त्याचा त्रिफळा होतो, कातडे कमावण्यासही तो लागतो. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला या साखळीत एक जागा आहे, रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला दुसरी, वाणिज्याच्या विद्यार्थ्याला तिसरी. द्राक्षाचेही तसेच: परदेशी जाणाऱ्या घडावर औषधाचा अंश किती, हे तपासणारा माणूस लागतो, शीतगृह सांभाळणारा लागतो, करारमदार वाचणारा लागतो. खोडदच्या दुर्बिणीलाही केवळ शास्त्रज्ञ लागत नाहीत. वीज, जोडकाम, मोठमोठे दंतचक्र आणि संगणक सांभाळणारे हात नसतील तर तबकडी जागची हलणार नाही. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनाला ती लोकांसाठी उघडी असते. त्या दिवशी तबकडीपुढे उभे राहून छायाचित्र जरूर काढावे, पण तेथल्या एखाद्या तंत्रज्ञाला एवढे तरी विचारावे, की आपण काय शिकलात आणि येथे कसे आलात? बहुतेकांची उत्तरे वळणावळणाची निघतील, आणि त्या वळणांनीच मुलाला धीर येईल.

तिसरी गोष्ट मुदतीची. स्पर्धा परीक्षा देणे मुळीच वाईट नाही. राज्याला चांगले अधिकारी हवेतच. पण केंद्रीय लोकसेवा आयोग खुल्या वर्गाला ३२ वर्षांपर्यंत ६ वेळा बसू देतो, आणि राज्यसेवेची मर्यादा तर त्याहून सैल आहे. सरकारने घातलेली ही मर्यादा म्हणजे आपली मर्यादा नव्हे. आपली मर्यादा आपण अभ्यासाला बसण्यापूर्वी घरच्यांपुढे बोलून ठरवावी, दोन वर्षे किंवा तीन वर्षे, आणि शक्य तर जोडीला एखादे कसब ठेवावे. मुदत संपली त्या दिवशी उठावे. असे उठणाऱ्याला हरला म्हणू नये. लक्ष्मणराव जे. जे.तून उठले नसते तर?

घराचे काम

आता थोडे आईबापांविषयी. मुलाला बघू द्यावयाचे म्हणजे मोकाट सोडावयाचे नव्हे. त्याला खर्चाचा खरा आकडा सांगावा. पुष्कळ बाप कर्ज लपवितात. मुलगा स्वस्थ राहतो आणि शेवटी दोघेही फसतात. घरात किती पैसे आहेत हे ज्याला ठाऊक असते तो मुलगा आपला वेळ जपून वापरतो.

आणि मुलींविषयी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. मुलगा ‘बघू’ म्हणाला तर आपण रागावतो, पण त्याला वर्ष देतो. मुलगी ‘बघू’ म्हणाली, की आपण स्थळ बघतो! म्हणून कित्येक मुली मनात नसताना घाईने डी. एड. नाहीतर परिचर्या असे एखादे ठाम नाव घेतात, कारण ठाम उत्तर नसेल तर शिक्षणच थांबेल ही भीती असते. मुलीलाही दोन उन्हाळे मिळाले पाहिजेत. याच परिसरात एका बाईने बिबट्यांविषयी देशाला शिकविले, हे विसरून चालणार नाही.

शेवटी एकच विनंती करून मी आपली रजा घेतो. उद्या एस. टी. स्थानकावर तो मुलगा किंवा ती मुलगी भेटेल. त्यांना “पुढे काय करणार?” असे विचारू नका, त्याचे उत्तर त्यांच्याजवळ नाही, आणि विसाव्या वर्षी ते आपल्याजवळही नव्हते. “यंदा काय करून पाहिलेस?” असे विचारा. ज्याच्याजवळ सांगण्यासारखे असेल तो थांबून सांगेल. ज्याच्याजवळ नसेल तो एस. टी.त खिडकीशी बसून थोडा विचार करील, आणि कदाचित पुढच्या मे महिन्यात कोणाच्या तरी दारात जाऊन काम मागील.